दोनशे तीसवरचे बटाटे

बाईंनी ट्रे खिडकीबाहेर धरला आणि उलथन्याने खरवडायला सुरुवात केली. खालच्या छज्ज्यावर काळे तुकडे टपटप पडू लागले. एक मांजर आलं, त्यातल्या एका तुकड्याला हुंगलं आणि अपमान झाल्यासारखं निघून गेलं.

मास्तर स्वयंपाकघराच्या दाराबाहेर उभे होते. आत पाऊल टाकायची त्यांना अडीच महिन्यांपासून बंदी होती. मान आत घालायची बंदी नव्हती, म्हणून त्यांनी फक्त मान आत घातली.

"करपले का?"

"नाही हो. यंदा काळे करायचं ठरवलंय."

मास्तरांनी मान बाहेर घेतली. घड्याळात साडेदहा झाले होते. एक वाजता ग्रंथालयात जेवण होतं. वर्षातून एकदा सगळे सभासद घरून एकेक पदार्थ घेऊन येत, आणि बाईंचे बटाटे, म्हणजे खालून चीजचा खरपूस पापुद्रा, कडेने कुरकुरीत, आतून लोणी, ट्रे टेबलावर टेकायच्या आत संपत. कुणाचा केक, कुणाची कोशिंबीर, सगळं बिचारं ताटकळत बसे. एकदा तर खजिनदारांनी दोन बटाटे रुमालात बांधून खिशात टाकले होते आणि मग भाषणभर त्यांच्या खिशातून वाफ येत होती.

यंदा आणखी एक गोष्ट होती. बाई महिनाअखेरीस तिथल्या ग्रंथपालपदावरून निवृत्त व्हायच्या होत्या, आणि समितीने त्यांना आणखी दोन वर्षं राहायची गळ घातली होती. उत्तर आज जेवताना द्यायचं होतं. मास्तरांच्या लेखी त्यात उत्तर देण्यासारखं काही नव्हतंच. बाई ग्रंथालयात नसतील तर घरी असतील, आणि दोघंही दिवसभर घरी म्हणजे काय, हे स्वतः निवृत्त झाल्यापासून त्यांना पुरतं कळून चुकलं होतं.

"या आत," बाई म्हणाल्या.

"मी?"

"दुसरं कोण आहे? मांजरही गेलं."

मास्तरांनी उंबऱ्याआत एकच पाऊल टाकलं. बंदी अशी सहजासहजी उठते तेव्हा काहीतरी मोठं बिनसलेलं असतं.

*

(मास्तरांची वही. काचेच्या कारखान्यात चौतीस वर्षं ते भट्टीवर मास्तर होते, आणि दर पाळीला भट्टीची नोंद ठेवत. निवृत्तीनंतर भट्टी सुटली, वही सुटली नाही.)

दिवस ३. पुढच्या दाराच्या बिजागऱ्या करकरतात. तेल घातलं. आवाज बंद.

दिवस ४. ती म्हणते, दार करकरलं की तुम्ही आलात ते कळायचं, आता भुतासारखे मागे येऊन उभे राहता.

दिवस ९. भिंतीवरचं घड्याळ बारा मिनिटं पुढे. बरोबर लावलं.

दिवस १०. तिची बस चुकली. घड्याळ मुद्दाम पुढे ठेवलं होतं असं समजलं. एकोणीस वर्षं. मला माहीत नव्हतं.

दिवस १७. बरण्या उंचीप्रमाणे लावल्या. सकाळच्या चहात मीठ.

दिवस १८. स्वयंपाकघरात प्रवेशबंदी. शिवाय लेखी हमी दिली: "या घरातली कुठलीही वस्तू, मग ती मोडलेली का असेना, मी दुरुस्त करणार नाही." खाली सही. साक्षीदार: मुलगी, फोनवरून. मुलगी पूर्ण वेळ हसत होती, त्यामुळे साक्ष कितपत धरायची याबद्दल शंका.

दिवस ५८. (पेन्सिलीने.) ती पुस्तकांच्या मोजणीसाठी दोन दिवस बाहेरगावी. ओव्हन तपासला. बटण दोनशेवर, आत एकशे पासष्ट! पस्तीस अंशांचा फरक! स्क्रू फिरवला. आता दोनशे म्हणजे दोनशे. कुणाला सांगायची सोय नाही.

दिवस ६१. ब्रेड करपला. ती म्हणाली, लक्ष नव्हतं.

दिवस ६७. केक. दिसला नाही. वास आला.

दिवस ६८. ओव्हन छान चालत असणार. तिने अजून काही म्हटलेलं नाही.

*

"सोला," म्हणून बाईंनी बटाट्यांची टोपली पुढे सरकवली. "आणि मग अर्धे करा. मधोमध."

मास्तरांनी चष्मा नाकावर नीट बसवला. पहिला बटाटा त्यांनी तीनदा फिरवून पाहिला, मधली रेघ डोळ्यांनी आखली आणि सुरी लावली. दोन्ही अर्धे शेजारी शेजारी ठेवून पाहिले. उजवा किंचित मोठा वाटला म्हणून त्याची एक पातळ चकती काढली. आता डावा मोठा वाटायला लागला.

"तो बटाटा आहे," बाई म्हणाल्या. "दुर्बीण नाही बनवायचीय त्याची."

"सारखे नसले तर सारखे भाजणार नाहीत."

"तुमच्या वेगाने भाजायची वेळ आली तर लोक जेवून झोपलेले असतील."

मग त्यांनीच सुरी घेतली. खटाखट अर्धे झाले. पाण्यात मीठ पडलं, चिमूटभर सोडा पडला, बटाटे उकळायला गेले. ते जेमतेम मऊ झाले की पाणी काढून टाकायचं आणि झाकण दाबून पातेलं खडाखडा हलवायचं, असं बाईंनी समजावलं.

"हलवायचं? कडा मोडतील."

"मोडायलाच हव्यात. विस्कटलेल्या कडाच कुरकुरीत होतात. गुळगुळीत राहिला तो बटाटा नुसता उकडलेला."

मास्तरांनी आयुष्यभर काचेच्या कडा मोडू नयेत म्हणून घाम गाळला होता. त्यांनी पातेल्याकडे जरा दयेने पाहिलं.

बाईंनी दुसऱ्या ट्रेला तेल लावलं, ठेचलेली लसूण आणि मिरपूड भुरभुरवली. ट्रेभर किसलेलं चीज पसरायचं आणि त्यावर बटाटे कापलेल्या बाजूने पालथे दाबून बसवायचे. मग चीज वितळून त्यांना खालून घट्ट धरतं आणि त्याचाच पापुद्रा होतो. बोलता बोलता त्या ओव्हनकडे वळल्या आणि न बघताच, अंधारात दिव्याचं बटण सापडावं तसं, त्यांनी ओव्हनचं बटण फिरवलं.

मास्तरांनी मात्र बघितलं.

"दोनशे तीस?"

"मग? बावीस वर्षं दोनशे तीसवरच करते."

"चीजला?"

"चीजला, ब्रेडला, सगळ्याला. पुस्तकात एकशे पंच्याण्णव लिहितात. त्यांच्या एकशे पंच्याण्णववर माझे बटाटे कधीच झाले नाहीत. पुस्तकवाल्यांना काय, लिहायचं नि मोकळं व्हायचं."

दोनशे तीसातून पस्तीस गेले, राहिले किती, हे पहिलीतलं पोरही सांगेल. मास्तरांना ते करायला पाऊण मिनिट लागलं, कारण उत्तर आधीच दिसत होतं आणि त्यांना ते नको होतं.

चौतीस वर्षं त्यांनी एक गोष्ट गाठीला बांधली होती: मापक बरोबर असेल तर चूक माणसाची. ओव्हन बरोबर केल्यावर या घरात जे काही करपलं, त्यात ओव्हनचा हात असेल अशी शंकाही त्यांना शिवली नव्हती. उलट, मधूनमधून त्यांना वाटायचं, बायकोचं हल्ली लक्ष नसतं.

*

"अहो."

"हं."

"एक विचारू? खरं सांगा."

"विचार की."

"मी हल्ली विसरते का?"

"काय?"

"तेच विचारतेय. काय विसरते?"

"काही नाही. तुला ग्रंथालयातल्या पुस्तकांचे नंबर पाठ आहेत. माझ्या चपलेचा नंबर मला तूच सांगतेस."

"आईला शेवटपर्यंत कविता पाठ होत्या. तिचं असंच सुरू झालं होतं. आधी दूध उतू जायला लागलं. मग भात लागायला लागला. मग एकदा रिकामं भांडं गॅसवर. आम्ही हसायचो. आणि एक दिवस मला म्हणाली, तुम्ही कुणाकडच्या?"

"अगं, एक ट्रे करपला म्हणून—"

"एक नाही. ब्रेड करपला. केक दोनदा. मंगळवारी भरलेले टोमॅटो केले होते, ते तुम्हाला दिसलेच नाहीत. डब्यात भरून कोपऱ्यावरच्या कचऱ्यात टाकून आले, चोरासारखी."

"मला सांगायचंस."

"काय सांगायचं? मी वेळ कागदावर लिहिते. गजर लावते. बटण दोनदा बघते. सगळं बरोबर करते आणि तरी करपतं. म्हणजे मधलं काहीतरी गळतंय ना डोक्यातून? आणि गळतंय तेही मला कळत नाही. वाईट ते आहे."

"मग समितीला काय सांगणार?"

"समितीला नाही म्हणून सांगणार आहे आज. लोकांची पुस्तकं भलत्याच कपाटात जायला लागली, मग त्यांनी हळूच सुचवायचं, त्यापेक्षा आपणच उठलेलं बरं."

"चीज पुरेल का?"

"काय?"

"चीज. कमी दिसतंय."

"मी काय बोलतेय आणि तुम्ही काय बोलताय! चांगला अर्धा डबा आहे."

"पापुद्रा जाड हवा. आजच्या दिवशी तरी. पटकन घेऊन ये ना."

"तुम्ही जा."

"माझा गुडघा दुखतोय."

"कालपर्यंत नव्हता दुखत."

"आज आलाय."

"आज आलाय! गुडघा आहे की पाहुणा?"

*

पण बाई गेल्या. एरवी त्यांनी गुडघ्याची उलटतपासणी केली असती. आज नुसती पिशवी उचलून गेल्या, हे मास्तरांना जास्त लागलं.

दुकान पाच मिनिटांवर. जाऊन येऊन दहा, रांग असली तर बारा. मास्तरांनी खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला. (हमीपत्रात स्क्रूड्रायव्हर बाळगायला मनाई नव्हती.) ओव्हनचं बटण ओढून काढलं. मागे तो स्क्रू, मुगाच्या दाण्याएवढा, निरागस.

किती फिरवला होता? पाव फेरा? अर्धा? वहीत एवढंच होतं: "स्क्रू फिरवला." भट्टीची नोंद ते अंशागणिक ठेवत. पण चोरीची सविस्तर नोंद कोण ठेवतो?

तापमापक होता घरात. पण ओव्हन निववून, पुन्हा तापवून, आकडा स्थिर व्हायची वाट बघायची म्हणजे चाळीस मिनिटं. स्क्रूला हात न लावता, बाईंची पाठ वळली की बटणच गुपचूप एकशे पंच्याण्णववर आणता आलं असतं. पण बाई दर पाच मिनिटांनी बटण बघत होत्या. तिथे एकशे पंच्याण्णव दिसलं की त्यांच्या मनातल्या यादीत आणखी एक ओळ वाढणार: बटण लावलेलंही आठवत नाही.

स्क्रूवर टोक टेकवून मास्तर नुसतेच उभे राहिले आणि मनातल्या मनात वाक्यं जुळवू लागले.

"अगं, एक गंमत झाली." (गंमत? मुळीच नाही.)

"तुला आठवतं, तू मोजणीला गेली होतीस?" (आठवतं का, असं आज विचारायचं नाही.)

"ओव्हन फार जुना झालाय, नाही?" (ओव्हनवर ढकलायचं? ज्याला आपण बरोबर केलं त्याच्यावरच?)

"चूक माझी आहे." हे वाक्य चांगलं होतं. लहान होतं. ते त्यांनी ओठांनी दोनदा म्हणून पाहिलं. चौतीस वर्षांत कधी वापरलं नसल्यामुळे ते जिभेवर नीट बसेना.

दार उघडलेलं त्यांना कळलंच नाही. बिजागऱ्यांना तेल होतं.

"हे काय?" मागून बाईंचा आवाज आला.

"बटण."

"ते दिसतंय. तुमच्या हातात काय करतंय?"

"ओव्हन मी दुरुस्त केला," मास्तर बटणाकडे बघून म्हणाले.

"आत्ता?"

"नाही. आधी. आत्ता मी तो... बिघडवत होतो."

बाईंनी चीजचं पाकीट ओट्यावर ठेवलं. बटाट्यांचं पाणी खदखदत होतं. त्यांनी गॅस बारीक केला.

"काय झालं होतं त्याला?"

"पस्तीस अंश कमी तापायचा. तू दोनशे तीस लावलंस की आत एकशे पंच्याण्णवच. बावीस वर्षं."

"आणि आता?"

"आता दोनशे तीस म्हणजे दोनशे तीस."

"कधी केलंत हे?"

"तू पुस्तकांच्या मोजणीला गेलीस तेव्हा."

"ब्रेडच्या आधी?"

"तीन दिवस आधी."

"केकच्या?"

"नऊ."

बाई स्टुलावर बसल्या. त्यांनी पदर, मग हातातलं फडकं, मग पुन्हा पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. हसताहेत की रडताहेत हे मागून कळेना, आणि पुढून जाऊन बघायची मास्तरांची छाती होईना. भट्टी आतून तडकते तेव्हा आधी अशीच शांत असते. त्या वेळी कामगारांना मागे हटवायचं असतं. इथे कामगार एकच होता आणि मागे कपाट होतं.

"पस्तीस अंशांनी वेडी केलीत हो मला!" बाई म्हणाल्या. "मी शेजारणीला वारांची नावं उलटी म्हणून दाखवायचे! रोज! तिला वाटलं मी काहीतरी व्रतच धरलंय!"

"चूक—"

"शब्दन्शब्द सांगून हमी लिहून घेतली, सही घेतली, पोरीची साक्ष काढली. तरी हे!"

"चूक माझी—"

"गप्प बसा. वाजले किती?"

"अकरा वीस."

"मग तो होता तसा करा."

मास्तरांनी घसा साफ केला. "होता तसा नाही करता येणार. बरोबर करता येतं. चूक जशीच्या तशी पुन्हा करायची म्हणजे... त्याला काही मोजमाप नाही."

"बाजूला व्हा."

बाईंनी ओव्हनचं दार उघडलं, बाही मागे सारली आणि उघडा तळवा आतल्या धगीत धरला.

"अगं!"

"एक. दोन. तीन. चार." त्यांनी हात काढून घेतला. "फार आहे. आई चुलीची धग अशीच बघायची, सातला काढावासा वाटला पाहिजे. करा कमी."

मास्तरांनी स्क्रू फिरवला, बटण बसवलं. दार उघडं ठेवून दोघंही समोर उभे राहिले, बसची वाट बघत असल्यासारखे. मग दार लावलं, थांबले, बाईंनी पुन्हा तळवा आत घातला.

"...पाच, सहा, सात, आठ, नऊ. आता तर गारच केलात. इतका नाही. थोडा परत."

"थोडा म्हणजे किती?"

"थोडा म्हणजे थोडा."

मास्तरांनी केसभर फिरवला. बाईंनी मोजलं.

"साडेसहा."

"साडेसहा कसं येईल? एकतर सहा, नाहीतर—"

"हात कुणाचा आहे?"

मास्तरांनी आणखी अर्धा केस फिरवला. या वेळी बाईंनी आकडे मोठ्याने म्हटलेच नाहीत. हात बाहेर आला तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली आणि पातेलं उचललं. पाणी काढलं. झाकण दाबून ते मास्तरांच्या हातात दिलं.

"हलवा. आणि दया दाखवू नका."

मास्तरांनी हलवलं. पातेल्यातून खडाखडा आवाज आला, मग जरा मऊ, धबधब. झाकण काढलं तेव्हा एकही कड शाबूत नव्हती. बाईंनी नवं चीजही किसून ट्रेभर पसरलं ("आता आणलंच आहे तर"), दोघांनी मिळून बटाटे पालथे दाबले, आणि बटण दोनशे तीसवर ठेवून ट्रे आत गेला. मास्तरांनी तो आकडा एकदा वाचला आणि नजर वळवली. खोटा आकडा असा उघड्यावर बघायची त्यांना सवय नव्हती.

पंधराएक मिनिटांनी चुरचुर सुरू झाली. लसणीचा वास बैठकीपर्यंत गेला. बाईंनी हात धुतले, फोन उचलला आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मास्तर ओव्हनसमोर उकिडवे बसले. गुडघा दुखत नव्हता. समितीला आत्ताच हो सांगून टाकतेय, त्यांच्या मनात आलं, आणि ऐकत नसल्यासारखं दाखवत त्यांनी कान लावला.

"हां, नमस्कार," बाई म्हणत होत्या. "गुरुवारची साडेचारची वेळ होती माझी. हो, मोठ्या डॉक्टरांची. ती रद्द करायचीय."

मास्तरांनी मान वळवली नाही.

"नाही, दुसरी तारीख नको. ...हो, माहितीय ना, महिनाभर थांबल्यावर मिळाली होती. ...नाही, सोबत कुणी येणार नव्हतं. एकटीच येणार होते. ...नाही हो, घरी कुणाला बोलले नव्हते." थोडा वेळ त्या ऐकत राहिल्या. "तसं करा. ती वेळ दुसऱ्या कुणाला तरी द्या. लागत असेल कुणाला."

फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज झाला. मग कपाटातून झाकणाचा मोठा डबा निघाल्याचा. त्यात घडी घातलेला कागद अंथरल्याचा.

महिनाभर. मास्तर हिशेब करत होते. म्हणजे केकच्या सुमारास. ते ओव्हनच्या काचेकडे आणखी वाकले. आत काहीतरी पिवळं, सोनेरी हलत होतं. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. काचा पुन्हा धुरकटल्या. ओव्हनचं दार तर बंद होतं.

"रंग आला का हो?" बाईंनी मागून विचारलं.

"सांगतो," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी चष्मा पुन्हा काढला.